पिकअप घेताय? जुनं इंजिन की नवं, आधी हे वाचा

हळद वसमत-हिंगोलीच्या मार्केटला न्यायची म्हणून बरेच सभासद पिकअप बघत आहेत. पैसे देण्याआधी एवढं समजून घ्या.

*फरक काय?*
१ एप्रिल २०२० पासून नवीन गाडी बीएस-६ असते. त्याआधीची बीएस-४ किंवा बीएस-३. आरसीवर बघून घ्या.

*जुनं इंजिन (बीएस-३):* बहुतेक गाड्यांत साधा पंप, वायरिंग-सेन्सर कमी. गावातला मिस्त्रीही दुरुस्त करतो. पण धूर जास्त. गाडी ८ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तो खर्च धरून भाव ठरवा.

*नवं इंजिन (बीएस-६):* कॉमन रेल, म्हणजे डिझेल फार मोठ्या दाबाने बारीक फवारलं जातं. धूर कमी, ओढ चांगली. पण डिझेलमध्ये पाणी-कचरा गेला की इंजेक्टर खराब होतो आणि खर्च मोठा येतो. कॅनमधलं जुनं डिझेल टाकू नका. डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळेवर काढा.

*काजळीची जाळी (डीपीएफ):* सायलेन्सरच्या लाइनमधली ही जाळी काजळी अडवते आणि इंजिन चांगलं तापलं की ती जाळून टाकते. गाडी रोज फक्त घर ते शेत, २-३ किलोमीटर फिरली तर इंजिन तापतच नाही, जाळी तुंबते. मीटरवर तिचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालवा. ऑइलही पुस्तिकेत लिहिलेलंच वापरा. जाळी काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे.

*⚠️ सगळ्यात महत्त्वाचं:* काही गाड्यांना डीईएफ लागतं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी. म्हणून *पोत्यातला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकू नका.* खताच्या युरियातली अशुद्धी आणि पाण्यातले क्षार यामुळे पूर्ण यंत्रणा बाद होते. सीलबंद कॅनच घ्या.

*मग कोणती घ्यावी?*
✅ गावातल्या गावात, कमी फेऱ्या: चांगल्या स्थितीतली जुनी परवडते.
✅ आठवड्यातून दोन-तीनदा वसमत, हिंगोली, नांदेड: बीएस-६ घ्या.
✅ वर्षातून दोन-चारच फेऱ्या: गाडी घेऊच नका, चार जण मिळून भाड्याने करा.

जुनी घेताना इंजिन *थंड असताना* सुरू करून बघा. काळा किंवा निळा धूर निघतच राहिला तर भाव करायच्या आधी मिस्त्रीला दाखवा.

शंका असल्यास ग्रुपवर विचारा.
– कृषी सल्ला, औंढा नागनाथ