पोरगं गाडी शिकतंय, मग विम्याचं काय?



गळीत हंगाम संपला आणि बिलाचे पैसे बँकेत जमा झाले की आपल्या भागात दोन गोष्टी हमखास घडतात. कोणाच्या तरी दारात नवी नाहीतर जुनी चारचाकी येऊन उभी राहते, आणि त्या घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं परीक्षा संपताच तिच्यावर हात बसवायला लागतं. हौस चांगली आहे. आज शेतकऱ्याच्या मुलाला काय आणि मुलीला काय, गाडी चालवता आलीच पाहिजे. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचे म्हटले तर शेजाऱ्याच्या ड्रायव्हरला किती वेळा उठवणार?

याच संदर्भात एक सभासद मध्यंतरी गट ऑफिसात आले. त्यांच्या पाहुण्यांचा मुलगा विलायतेत नोकरीला आहे. "तिकडं म्हणे गाडी शिकणाऱ्यासाठी महिना-दोन महिन्यांचा वेगळा विमा मिळतो. आमच्या थोरल्याला जीप शिकवायचीय. तसला विमा इथं कुठं काढायचा?" असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न एकट्याचा नाही. ज्यांच्या घरात गाडी आहे आणि वयात आलेले मूल आहे, अशा प्रत्येक सभासदाने तो विचारायला हवा. म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

विलायतेतली पद्धत

इंग्लंडात गाडीचा विमा उतरवताना नुसती गाडी सांगून भागत नाही, ती कोण कोण चालवणार हेही कळवावे लागते. घरच्या गाडीवर मुलगा शिकणार असेल, तर त्याचे नाव बापाच्या पॉलिसीत घालावे लागते. नवशिक्याचे नाव आले की हप्ता वाढतो, आणि त्याने कुठे ठोकले तर बापाची 'नो क्लेम'ची सवलतही धोक्यात येते. त्यावर तिकडच्या कंपन्यांनी तोड काढली. शिकणाऱ्याने आपला स्वतःचा वेगळा, थोड्या मुदतीचा विमा घ्यायचा. काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत तो मिळतो. बापाच्या पॉलिसीला धक्का लागत नाही. मुलगा परीक्षा पास झाला की सहसा तो विमा तिथेच संपतो. तिकडे सतराव्या वर्षी गाडी शिकता येते. मात्र शेजारी एकवीस वर्षांवरचा आणि तीन वर्षे पक्के लायसन असलेला माणूस बसावा लागतो, आणि गाडीला 'एल'ची पाटी लावावी लागते.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो

आपली रीत निराळी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला निदान थर्ड पार्टी विमा पाहिजेच, असे त्याचे कलम १४६ सांगते. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. एक आपण, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा तो रस्त्यावरचा, ज्याला आपल्या गाडीने इजा झाली. हा विमा गाडीच्या नावाने असतो. पॉलिसीत ड्रायव्हरसंबंधी एक कलम छापलेले असते. त्याचा मथितार्थ असा की अपघाताच्या वेळी वैध लायसन असलेल्या कोणीही ही गाडी चालवली तरी चालेल. त्याच कलमात पुढे असेही असते की शिकाऊ लायसन असलेल्यालाही गाडी चालवता येईल, पण त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ३ पाळलेला असला पाहिजे.

म्हणजे त्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले. शिकणाऱ्यासाठी महिन्या-दोन महिन्यांचा वेगळा विमा काढण्याची पद्धत आपल्याकडे रूढ नाही, आणि एरवी तशी गरजही पडत नाही. गाडीचा चालू विमाच शिकाऊ मुलाला सांभाळून घेतो. मात्र त्याला अटी आहेत, आणि बहुतेकांचे घोडे पेंड खाते ते तिथेच.

कच्चे लायसन आणि तीन अटी

आपल्याकडे लर्निंग लायसनला 'कच्चं लायसन' म्हणतात. या शब्दामुळे ते फारसे कामाचे नसते असा समज होतो. तो चुकीचा आहे. शिकाऊ लायसन असलेला माणूसही कायद्याने लायसनधारकच आहे, आणि एवढ्या कारणावरून विमा कंपनीला हात वर करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले आहे.

नियम ३ च्या अटी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली अट, लायसन चालू पाहिजे आणि त्याच प्रकारच्या गाडीचे पाहिजे. शिकाऊ लायसनची मुदत सहा महिने असते. सातव्या महिन्यात ते खिशात असले तरी नसल्यासारखेच. तसेच लर्निंग मोटारसायकलचे काढले आणि शिकायला घेतली जीप, तर त्या जीपपुरता तो मुलगा बिनलायसनचा ठरतो.

दुसरी अट, शेजारी शिकवणारा पाहिजे. त्याच्याकडे त्या गाडीचे पक्के लायसन हवे, आणि वेळ आली तर गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. मागच्या सीटवर बसून "ब्रेक मार, ब्रेक मार" म्हणणारा मित्र या अटीत बसत नाही. शेजारी बसलेला मित्र स्वतःही शिकाऊच असेल, तर मग विचारायलाच नको.

तिसरी अट, गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात 'एल' हे अक्षर पाहिजे. पाटीला खर्च जवळजवळ काहीच येत नाही, पण पोरांना तिची लाज वाटते. अपघातानंतर पंचनाम्यात पाटी नव्हती असे लिहिले गेले, तर कंपनीच्या वकिलाला बोट ठेवायला आयती जागा मिळते.

पक्क्या लायसनची परीक्षा द्यायची तर कच्चे लायसन मिळून निदान तीस दिवस व्हावे लागतात. म्हणून सुट्टी लागायच्या आधीच अर्ज करावा, म्हणजे सुट्टीत शिकून सहा महिन्यांच्या आत परीक्षा देता येते.

चुकले तर कोणाच्या गळ्यात?

समजा, मुलाकडे कसलेच लायसन नाही. बाप म्हणतो, "गावातल्या गावातच तर चालवतोय." वळणावर सायकलवाल्याला धडक बसते, आणि घरचा कर्ता माणूस कायमचा अधू होतो. प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. जखमीचे वय, त्याची कमाई, औषधपाणी आणि पुढच्या आयुष्यभराचे नुकसान धरून भरपाई ठरते. ती रक्कम लाखांत जाते.

गाडीचा विमा चालू आहे म्हणून बाप निश्चिंत असतो. पण लायसन नसलेल्याच्या हाती गाडी मालकाने जाणूनबुजून दिली, हे कंपनीने शाबीत केले तर चित्र पालटते. अशा पुष्कळ प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला सांगते की जखमीचे पैसे आधी तुम्ही द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. जखमीच्या दृष्टीने ही व्यवस्था न्यायाची आहे. आपल्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की विमा असूनही सगळा बोजा घरावरच आला.

आणि ही वसुली साधी नसते. न्यायाधिकरणाच्या निवाड्याची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यासाठी कलेक्टरकडे दाखला पाठवता येतो. कायद्याच्या कलम १७४ मध्येच तशी तरतूद आहे. महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. ज्या सातबाऱ्यावर ऊस उभा आहे, तिथपर्यंत ही गोष्ट जाऊन पोहोचते.

शिवाय बिनलायसनच्या माणसाला गाडी दिली म्हणून मालकाला कलम १८० खाली, आणि चालवली म्हणून चालवणाऱ्याला कलम १८१ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

अठराच्या आतले पोर

सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचे लायसन मिळते. मोटार आणि ट्रॅक्टरला अठरा वर्षे पुरी पाहिजेत, तर मालट्रकला वीस. "आमचा नववीतच ट्रॅक्टर चालवतो," असे कौतुकाने सांगणारे सभासद आम्हाला भेटतात. त्यांनी २०१९ साली आलेले कलम १९९ अ एकदा समजून घ्यावे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. सातआठ वर्षे पोराला बिनलायसनचे बसवून ठेवण्यापेक्षा अठरा पुरी होईपर्यंत थांबलेले काय वाईट?

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि ऊस यार्ड

ट्रॅक्टरची गोष्ट आणखी नाजूक आहे. ट्रॅक्टरला सीट एकच. शिकवणारा बसणार कुठे? चाकावरच्या पत्र्यावर बसून शिकवण्याची आपली रीत धोक्याची आहे, आणि तिथून गाडी नीट आवरताही येत नाही. म्हणून ट्रॅक्टर शिकायचा तो मोकळ्या रानात, ट्रॉली सोडून. लायसनची सक्ती कायद्याने सार्वजनिक जागेसाठी सांगितली आहे. आपले स्वतःचे, तोडणी झालेले रान शिकायला सगळ्यात बरे. तिथेही आसपास पोरेबाळे, जनावरे नाहीत हे आधी बघावे.

पण कारखान्याचे आवार म्हणजे आपले रान नव्हे. खासगी मालकीची जागा असली तरी जिथे लोकांची ये-जा असते, मग ती मुक्त असो की गेटावर विचारून, ती या कायद्यापुरती सार्वजनिक जागाच, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ साली दिला आहे. तेव्हा नंबरात उभा असलेला ट्रॅक्टर पुढे घ्यायला पोराला बसवून आपण चहाला गेलो, तर ती चूक रस्त्यावरच्या चुकीइतकीच महाग पडू शकते. रात्रीच्या वेळी यार्डात गाड्यांच्या आडोशाला तोडणी-वाहतुकीची माणसे झोपलेली असतात, हेही विसरू नये.

भरलेली खेप शिकाऊ माणसाच्या हाती कधीच देऊ नये. मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत शिकाऊ लायसनवाल्याला माल भरलेला नसतानाच मुभा असते. ट्रॉलीची नोंदणी व विमा ट्रॅक्टरबरोबर आहे का, आणि पॉलिसी शेतीकामापुरती आहे की भाड्याच्या वाहतुकीलाही चालते, हेही याच निमित्ताने वाचून घ्यावे. ट्रॅक्टरचे वैध लायसन असलेल्याने ट्रॉली जोडली म्हणून त्याचे लायसन निकामी होत नाही, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले आहे.

विम्यातून काय मिळत नाही?

थर्ड पार्टी विमा परक्याच्या नुकसानीसाठी आहे. आपल्या गाडीचे बॉनेट चेपले तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. तशी असली तरी क्लेम केला की 'नो क्लेम बोनस' जातो. ही सवलत पहिल्या वर्षी वीस टक्क्यांपासून वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा शिकाऊ हाताने पडलेला लहानसहान पोचा खिशातून काढून घेतलेला बरा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, शिकणाऱ्या मुलाने स्वतःच्या चुकीने स्वतःलाच इजा करून घेतली तर थर्ड पार्टीतून त्याला भरपाई नाही. पॉलिसीबरोबर जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो गाडीच्या मालकाचा, आणि तोही त्याचे स्वतःचे लायसन असेल तर. मुलासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. थोड्या पैशांत काही वेगळा विमा काढायचाच असेल, तर खरी गरज इथे आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मुलगा जात असेल तर गाडी आणि विमा दोन्ही त्यांचे. त्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. पहिले पंधरा दिवस तिथे काढून मग घरच्या गाडीला हात लावणे उत्तम. मात्र आपल्या घरच्या जीपवर पैसे घेऊन गावातली पोरे शिकवण्याचा उद्योग कोणी करू नये. घरगुती गाडीच्या पॉलिसीत मोबदल्याचा वापर बसत नाही.

सभासदांनी एवढे करावे

१. पोराच्या हातात किल्ली देण्याआधी पॉलिसी बाहेर काढून मुदतीची तारीख बघावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळू लागला. त्या गाड्यांचे मालक पुढची तारीख विसरतात. "बिल आलं की भरू" म्हणून हप्ता मागे टाकू नये.

२. आधी कच्चे लायसन, मगच स्टिअरिंग.

३. शेजारी पक्क्या लायसनचा जाणता माणूस, आणि पुढे-मागे 'एल'ची पाटी.

४. सहा महिन्यांची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

५. भरलेली ट्रॉली आणि ऊस यार्ड, दोन्ही ठिकाणी शिकाऊ हात नको.

बैल शिकाऊ असला तर आपण त्याला एकदम भरल्या गाडीला जुंपत नाही. शेजारी जाणता बैल देतो, मोकळी गाडी ओढायला लावतो आणि कासरा हातात ठेवतो. कायद्याने शिकाऊ ड्रायव्हरसाठी वेगळे काही सांगितलेले नाही.