माशांना उपास चालतो, नासलेले पाणी नाही

गणपतीत कोकणात जायचे असो, दिवाळीत मामाच्या गावाला किंवा मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी. घरात काचेची टाकी असली की बॅगा भरताना एक प्रश्न हमखास निघतो. माशांचे काय करायचे? कुत्र्याला ओळखीच्यांकडे ठेवता येते, मांजर शेजारी जाऊन जेवते. मासे मात्र टाकीसकट उचलून नेता येत नाहीत. मग शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली आणि खाद्याचा डबा दिला जातो. ‘रोज थोडेसे टाका’ एवढीच सूचना होते.

आठ दिवसांनी कुलूप उघडले तर पाणी दुधासारखे पांढुरके झालेले, खोलीत कुबट वास आणि दोन-तीन मासे पाण्यावर तरंगत असलेले दिसतात. ‘काकू विसरल्या असतील, बिचारे उपाशी मेले,’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो. पुष्कळदा घडलेले असते ते नेमके उलटे. काकूंनी एकही दिवस न चुकता, मायेने आणि सढळ हाताने खाऊ घातलेले असते. सुटीत घरचे मासे दगावतात ते बहुधा उपासाने नव्हे. पाणी नासल्याने किंवा पाण्यातला प्राणवायू संपल्याने.

आठवडाभर उपास कसा सोसतो?

माणूस किंवा कुत्रा जे खातो त्याचा मोठा वाटा शरीर उबदार ठेवण्यात खर्च होतो. माशाला हा खर्च नाही. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते, शिवाय पाणी त्याचे वजन तोलून धरते. त्यामुळे त्याची ऊर्जेची गरज तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने फारच कमी असते. निसर्गातही त्याला रोज ठरल्या वेळी जेवण मिळत नाही. एखाद्या दिवशी भरपूर, मग काही दिवस जवळपास काहीच नाही. गोल्डफिश, मॉली, गुरामी, एंजल यांसारखे पूर्ण वाढ झालेले निरोगी मासे आठवडाभर काही न खाता आरामात राहतात. टाकीत जिवंत वनस्पती असतील, काचेवर शेवाळ असेल तर त्यांना चघळायला तेवढेही मिळते.

अपवाद आहेत. नुकतीच जन्मलेली पिल्ले, आजारी किंवा अशक्त मासे आणि दुकानातून चार-आठ दिवसांपूर्वीच आणलेले मासे यांना हा नियम लागू नाही. पिल्लांना दिवसातून अनेकदा खावे लागते. टाकीत पिल्ले असतील तर माहितगार माणूस नेमल्याशिवाय लांबच्या सुटीवर जाऊ नये.

शेजाऱ्यांची फसगत होते ती माशांच्या वागण्याने. माणूस जवळ आला की सगळे मासे काचेशी गोळा होतात, तोंडे उघडझाप करतात. ती भूकच आहे असे पाहणाऱ्याला वाटते आणि आणखी एक चिमूट पडते. वास्तविक ती शिकलेली सवय असते. माणूस दिसला की खाणे पडते हे माशाच्या पक्के लक्षात राहते. पोट भरलेले असतानाही तो तसाच धावत येतो.

एका चिमटीने काय होते?

मासा खातो, त्यातल्या प्रथिनांचे शरीरात विघटन होते आणि अमोनिया तयार होतो. तो बहुतांशी कल्ल्यांवाटे पाण्यात सोडला जातो. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यातूनही अमोनियाच सुटतो. अमोनिया माशाच्या कल्ल्यांना जाळतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि गरम, तितका त्याचा विषारी भाग वाढतो. पंचवीस अंश सेल्सिअसला पाण्याचा पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. बोअरवेलचे पाणी भरलेल्या टाक्यांत म्हणूनच अधिक सावध राहावे लागते.

चांगल्या चालणाऱ्या टाकीत हे विष साचत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर जिवाणूंचा पातळ थर वाढलेला असतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच; ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य असते आणि पाणी बदलताना निघून जाते. नायट्राइट संपवण्याचे काम नायट्रोबॅक्टर हा जिवाणू करतो, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे. गोड्या पाण्याच्या घरगुती टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात, हे 1998 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले. पुढे 2015 मध्ये याच गटातले काही जिवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करतात असे आढळले. त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधल्या जिवाणूंवरच लागला होता.

हे जिवाणू सावकाश वाढतात. रोजच्या ठरावीक खाद्यातून येणाऱ्या अमोनियापुरतीच त्यांची संख्या असते. एकदम तिप्पट खाद्य पडले तर ते पुरे पडत नाहीत. उलट कुजक्या खाद्यावर जगणारे दुसरे जिवाणू मात्र काही तासांत फोफावतात. पाणी दुधाळ दिसते ते त्यांच्यामुळे. ते पाण्यातला प्राणवायूही भराभर वापरतात. अशा वेळी माशांवर दोन संकटे एकदम येतात: विष वाढलेले आणि श्वास कमी पडलेला.

टाकी जितकी लहान तितका हा धोका मोठा. शंभर लिटरच्या टाकीत जी एक चिमूट सहज पचते, तीच दहा लिटरच्या काचेच्या गोल भांड्यात दहापट घाण करते. टेबलावरच्या भांड्यातला एकुलता एक गोल्डफिश सुटीत दगावतो, त्यामागे पुष्कळदा हे साधे गणित असते.

मेन स्विच आणि बंद घराचा उकाडा

खाद्यानंतरचा मोठा धोका विजेचा. घर बंद करून निघताना मेन स्विच पाडण्याची अनेक घरांत सवय असते. गॅस बंद, नळ बंद, वीज बंद. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण त्याबरोबर टाकीचा पंप आणि फिल्टरही बंद पडतात. टाकी असलेल्या घरात म्हणून मेन चालू ठेवून बाकीच्या खोल्यांचे स्विच वितरणपेटीतून खाली करावेत. टाकीच्या मंडलावर अर्थ लीकेज ब्रेकर आहे ना, हे वायरमनकडून आधीच पाहून घ्यावे. पंपाची वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर नेलेली असावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खालीच टपकते.

पाणी गरम होते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. वीस अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी उष्णतेने माशाच्या शरीरातल्या क्रिया वेगाने होतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा जळगावात खिडक्या-दारे लावलेल्या, पंखा बंद असलेल्या घरातली टाकी सहज तिशी ओलांडते. तेव्हा पंप बंद पडला की काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात.

फायटर आणि गुरामी यातून तुलनेने निभावतात, कारण त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारा एक खास अवयव असतो. गोल्डफिशचीही एक करामत आहे. प्राणवायू संपलेल्या पाण्यात तो शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यामागची यंत्रणा ओस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांच्या संशोधकांनी 2017 मध्ये उलगडली. पण ही सोय बर्फाखालच्या गारठलेल्या तळ्यांसाठी आहे. विदर्भातल्या मे महिन्यात तिच्या भरवशावर राहता येत नाही.

उपाय साधे आहेत. छोटा एअर पंप फार थोडी वीज खातो, तेव्हा घरात इन्व्हर्टर असेल तर तो त्यावर जोडून इन्व्हर्टर चालू ठेवावा. नसेल तर वीज जाताच आपोआप सुरू होणारे बॅटरीवरचे पंप मिळतात. टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर असावी आणि समोरचा पडदा ओढून घ्यावा. दिवे दिवसरात्र चालू ठेवू नयेत. टायमरवर सहा-आठ तास पुरेत, आणि वनस्पती नसतील तर झिरपणारा उजेडही चालतो.

निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस

सुटीच्या आधी दोन-तीन आठवडे नवा मासा आणू नये. नव्या माशाबरोबर रोग येऊ शकतो आणि तो अंगावर फुटेपर्यंत घरचे लोक गावी पोचलेले असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळी टाकी घासून-पुसून लख्ख करण्याचा उत्साहही टाळावा. स्पंज नळाखाली खळाखळा धुतला की क्लोरीनने कामाचे जिवाणू मरतात आणि फिल्टर फिरत असूनही पाणी शुद्ध होत नाही.

त्याऐवजी निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी सायफनने तळाची घाण ओढून घ्यावी आणि पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. नवे पाणी क्लोरीन काढलेले हवे. त्यासाठी नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीनरोधक थेंब वापरावेत. मग दोन दिवस सगळे नीट चालले आहे ना, ते पाहावे. शेवटच्या दिवशी खाणे नेहमीपेक्षा कमी द्यावे. ‘जाण्यापूर्वी पोटभर’ हा माणसांचा विचार माशांना लावू नये. टाकी काठोकाठ भरून झाकण लावावे. बाष्पीभवनाने पातळी उतरली तर काठावर टांगलेला फिल्टर कोरडा फिरतो आणि पाण्याबाहेर आलेल्या हीटरची काच तडकू शकते.

आठवड्याच्या आतली सुटी असेल तर मोठ्या निरोगी माशांना काहीच घालू नये. हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. आठ ते पंधरा दिवस जायचे असेल तर दर तिसऱ्या दिवशी अर्धे खाणे पुरते. त्याहून लांबच्या मुक्कामासाठी स्वतः मासे पाळणारा कोणी तरी गाठावा.

सुटीसाठी म्हणून पांढऱ्या, खडूसारख्या वड्या विकल्या जातात. त्या विरघळत खाद्य सोडतात, पण किती आणि किती वेगाने यावर ताबा नसतो, आणि लहान टाकीत त्यांनीच पाणी बिघडते. आपोआप खाद्य टाकणारे यंत्र बरे. मात्र ते आधी आठवडाभर घरी असतानाच चालवून पाहावे. पावसाळी हवेत त्यातले खाद्य ओले होऊन गोळा बनते. मग कधी काहीच पडत नाही, कधी सगळे एकदम पडते.

काकूंसाठी पुड्या

शेजाऱ्यांना डबा देऊच नये. प्रत्येक वेळचे खाद्य मोजून कागदाच्या पुड्या बांधाव्यात, त्यावर तारीख लिहावी आणि मूळ डबा कपाटात ठेवून द्यावा. गोळ्यांचा आठवड्याचा कप्प्यांचा डबा असेल तर तोही चालतो. पुडी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकायची नाही, हे स्पष्ट सांगावे.

खाऊ घालण्यापेक्षा महत्त्वाचे काम पाहण्याचे असते. टाकीजवळ एक चिठ्ठी चिकटवावी: मासे किती, पंपाचे बुडबुडे येत आहेत का, वास येतो का. मेलेला मासा दिसला तर जाळीने लगेच काढावा. पाणी दुधाळ झाले किंवा मासे वर येऊन धापा टाकू लागले तर खाणे पूर्ण बंद करावे, पंप तपासावा, साठवलेल्या पाण्यातून पाव टाकी बदलावी आणि फोन करावा.

हे साठवलेले पाणी झाकूनच ठेवायला हवे. डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतात. घर बंद असते तेवढाच हा काळ. माशांच्या टाकीची चिंता नसते, कारण अळ्या मासेच फस्त करतात. महापालिका डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासे सोडतात ते यासाठीच. पण रिकामी पडलेली जुनी टाकी, मनीप्लांटची बाटली आणि क्लोरीन उडण्यासाठी ठेवलेली उघडी बादली निघण्यापूर्वी कोरडी करावी किंवा घट्ट झाकावी.

परत आल्यावर बॅगा टेकवताच डबा उघडू नये. आधी मासे मोजावेत, पंप आणि पाण्याची पातळी पाहावी. घर बंद असताना वीज फार वेळ गेली असेल आणि फिल्टर बंद डब्याचा असेल, तर तो सुरू करण्यापूर्वी आतले सडके पाणी ओतून टाकावे. तसाच सुरू केला तर ते सगळे टाकीत येते. दुसऱ्या दिवशी पाव पाणी बदलावे. खाणे पहिले दोन-तीन दिवस नेहमीच्या निम्मेच द्यावे, म्हणजे कमी झालेल्या जिवाणूंना पुन्हा वाढायला वेळ मिळतो.