काबागृहाच्या माथ्यावरचा सूर्य आणि आपला किब्ला

शाळेच्या भूगोलात विषुववृत्त आणि उष्णकटिबंध हे शब्द एकाच धड्यात भेटतात, म्हणून मोठेपणी अनेकांच्या मनात ते एकच होऊन बसतात. "आपण विषुववृत्ताजवळचे, म्हणून ऊन कडक," असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात मुंबईपासून विषुववृत्त दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. उष्णकटिबंधात मात्र आपण नक्कीच राहतो. हा फरक नीट समजला तर घरातला किब्ला साध्या काठीच्या सावलीवरून तपासता येतो, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

विषुववृत्त ही एक रेघ आहे, दोन्ही ध्रुवांपासून सारख्या अंतरावरची. उष्णकटिबंध हा रुंद पट्टा आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेतेवीस अंशांवर कर्कवृत्त आणि दक्षिणेला तेवढ्याच अंशांवर मकरवृत्त. या दोहोंमधला सारा भाग म्हणजे उष्णकटिबंध. पृथ्वीचा आस कललेला असल्याने सूर्य वर्षभर या पट्ट्यातच कुठेतरी माथ्यावर असतो. त्याबाहेर तो कधीच माथ्यावर येत नाही.

विषुववृत्तावर सूर्य मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास माथ्यावर येतो आणि दिवस वर्षभर साधारण बारा तासांचाच राहतो. इंडोनेशियातील पोंटियानाक शहर याच रेघेवर वसले आहे. तिथे रमजान कोणत्याही ऋतूत येवो, रोजा जवळपास तेवढ्याच तासांचा. मुंबईत मात्र दिवस डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा होतो.

आता मक्का आणि मदीना पाहा. मक्का सुमारे 21.4 अंश उत्तरेला, म्हणजे पट्ट्याच्या आत. मदीना सुमारे 24.5 अंशांवर, म्हणजे पट्ट्याबाहेर. कर्कवृत्त या दोन पवित्र शहरांच्या मधून जाते. मदीनेत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे थोडा झुकलेलाच राहतो आणि वस्तूची सावली उत्तरेला पडते. मक्का तिथून जवळपास थेट दक्षिणेला, त्यामुळे मदीनावासीयांसाठी मध्यान्हीचा सूर्य नेहमी किब्ल्याच्याच बाजूला असतो.

मक्केत मात्र वर्षातून दोनदा सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो : 27 किंवा 28 मे आणि 15 किंवा 16 जुलै. त्या क्षणी तिथे सावली जवळजवळ नाहीशी होते. त्याच क्षणी जगात जिथे जिथे सूर्य दिसत असतो, तिथे सूर्याची दिशा म्हणजेच काबागृहाची दिशा. भारतीय वेळेनुसार हा क्षण मे महिन्यात दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी आणि जुलैत 2 वाजून 57 मिनिटांनी येतो. जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे महिनाच सोयीचा.

कृती सोपी आहे. अंगणात किंवा गच्चीवर सपाट जागी काठी अगदी उभी रोवा, किंवा गवंड्याचा ओळंबा टांगा. घड्याळ बरोबर लावून घ्या. ठरलेल्या मिनिटाला सावलीवर खडूने रेघ ओढा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे जाणारी दिशा हाच किब्ला. सूर्याकडे थेट पाहू नका, सावलीच पुरेशी आहे. ती तारीख चुकली तर एक-दोन दिवस मागे-पुढे त्याच वेळेला पाहिले तरी फारसा फरक पडत नाही.

याची गरज काय? आपल्याकडे "किब्ला म्हणजे पश्चिम" असे धरून चालतात. मुंबईहून तो पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेला कललेला आहे. मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी कपाट किंवा स्लॅबमधल्या सळयांजवळ फसते. मग एकाच घरात दोन मोबाइल दोन दिशा दाखवतात आणि नव्या घरात मुसल्ला कसा अंथरायचा यावरून वाद होतो. सावलीला ना बॅटरी लागते, ना नेटवर्क.

एक विनंती मात्र जरूर करू. तुमची रेघ मशिदीतल्या सफेपेक्षा थोडी वेगळी निघाली तर लगेच कोणाच्या नमाजवर शंका घेऊ नका. दूरच्या माणसाला किंचित फरक माफ आहे, असे बहुतेक उलेमा सांगतात. फरक मोठा वाटला तर इमामसाहेबांना शांतपणे दाखवा आणि पुढच्या मे महिन्यात सर्वांनी मिळून सावली पाहा. मुलांनाही सोबत घ्या. भूगोलाचा धडा आणि नमाजची दिशा एकाच रेघेत पाहिलेले मूल विषुववृत्त आणि उष्णकटिबंध यांतला फरक सहसा विसरणार नाही.