नाच येतो, म्हणजे नाच बसवता येतो?

डिसेंबर उजाडला की तानसा, आटगाव, खर्डी ते मुरबाड शाळाशाळांत गॅदरिंगची धांदल सुरू होते. एखाद्या नाचऱ्या पोराला सर सांगतात, ‘तूच बसव रे गाणं.’ इथेच गैरसमज रुजतो, की जो चांगला नाचतो तो आपोआप कोरिओग्राफर होतो. प्रत्यक्षात नाचणाऱ्यानं स्वतःचं अंग सांभाळायचं असतं, बसवणाऱ्यानं बाराजणांचं. मागच्या रांगेतली मुलगी कोणत्या मात्रेला पुढे येणार, एकाला बैठक जमत नाही तर काय बदलायचं, हे त्यालाच ठरवावं लागतं.

‘आपला तारपा, ठाकरांचा कांबड नाच म्हणजे काही शिक्षण नव्हे’ हा समज मला सगळ्यात जास्त सलतो. तारपा नाच नीट बघा. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचं ते वाद्य वाजवणारा मधोमध, भोवती एकमेकांना धरलेली साखळी. त्यानं चाल बदलली की पावलं बदलतात. साखळी गुंडाळत आत जाते, पुन्हा उलगडते, आणि कुणी कुणावर आदळत नाही. दिशा, अंतर, ताल, रचना हे नृत्यदिग्दर्शनाचे मूळ धडे आमच्या वारली-ठाकर मुलांच्या अंगात लहानपणीच मुरतात. ते मागासलेपण आहे असं त्यांना कुणी सांगू नये. हा वारसा साऱ्या समाजाचा आहे, म्हणून तो स्टेजवर नेताना आधी जाणत्या माणसांना विचारावं.

टीव्हीवर एकदा चमकलं की झालं, असंही पोरांना वाटतं. पण हिंदी सिनेमातल्या कोरिओग्राफर सरोज खान यांचं बघा. त्या बालवयात घोळक्यात नाचल्या, मग नृत्यदिग्दर्शक बी. सोहनलाल यांच्या सहायक झाल्या. स्वतंत्र काम मिळालं ‘गीता मेरा नाम’मध्ये, 1974 साली. घराघरांत नाव पोचायला ‘तेजाब’ यावा लागला, तो 1988 मध्ये.

‘याचं शिक्षण कुठे असतं?’ असतं. मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्यपरीक्षाही आहेत.

राहिला हक्काचा प्रश्न. सुट्या स्टेपवर मालकी सांगता येत नाही. पण लिहून किंवा इतर प्रकारे नोंदवून ठेवलेल्या नृत्यरचनेला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संरक्षण आहे. तेव्हा हळदीचा असो वा गॅदरिंगचा, स्वतः बसवलेला नाच मोबाइलवर सलग चित्रित करून ठेवा, आणि मानधन तालमीआधीच ठरवून घ्या.