अंगावर झेलणं आणि हात उगारणं

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्याला नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी कसोटी आठवते. त्याच मैदानावर मार्च ते सप्टेंबर मात्र एका वेगळ्याच खेळासाठी लाखभर माणसं जमतात. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिथल्या लोकांच्या तोंडी नुसता 'फूटी'. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला 18 खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे चार टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला जोडलेला वाया गेलेला वेळ. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केला की सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. क्रिकेटशी त्याचं नातं मैदानापुरतं नाही. टॉम विल्स या नामवंत क्रिकेटपटूने 1858 मध्ये हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सैल पडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढण्याची सूचना केली आणि 1859 मध्ये त्याने व त्याच्या काही सहकाऱ्यांनी मेलबर्नमध्ये या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. इंग्लंडमधल्या काही शाळांच्या फुटबॉलमध्ये तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ घालणं रीतसर मानलं जाई. मेलबर्नच्या नियमांनी ढकलाढकलीला मुभा दिली, पण नडगीवरची लाथ बंद केली. जगातल्या सर्वांत धसमुसळ्या खेळांमध्ये गणला जाणारा हा खेळ पहिल्या दिवसापासूनच कोणता मार चालेल आणि कोणता नाही, याचा विचार करत आला आहे. म्हणूनच 'आजकाल फूटी मऊ झाली' ही ऑस्ट्रेलियात सतत ऐकू येणारी तक्रार मला इतिहासाला धरून वाटत नाही.

या खेळात कणखरपणा लागतो तो कुठून येतो, हे आधी पाहू. फूटीत ऑफसाइड नाही. रग्बीमध्ये आपला संघ मागे आणि विरोधी संघ समोर असतो, त्यामुळे धडक कुठून येणार याचा अंदाज असतो. फूटीत 36 माणसं मैदानभर मिसळलेली असतात आणि टक्कर कोणत्याही दिशेने येऊ शकते. अंगावर बिनबाह्यांची जर्सी आणि अर्धी चड्डी, अमेरिकन फुटबॉलसारखं चिलखत नाही. काही जण मऊ शिरस्त्राण घालतात, पण त्याने मेंदूला बसणारा हादरा थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. लाथेने दूरवर मारलेला चेंडू हवेतच झेलला तर त्याला 'मार्क' म्हणतात आणि झेलणाऱ्याला बिनधोक पुढची लाथ मारायला मिळते. आता कल्पना करा, चेंडू तुमच्या डोक्यावरून पुढे चालला आहे, तुम्ही मान वर करून त्याच्यामागे धावत आहात आणि समोरून दोन-तीन धिप्पाड माणसं त्याच चेंडूसाठी झेपावत येत आहेत. ती तुम्हाला दिसत नाहीत. नजर खाली आणली तर चेंडू सुटतो, वर ठेवली तर बरगड्या उघड्या पडतात. ब्रिस्बेनच्या जोनाथन ब्राउनने 2002 मध्ये हॉथॉर्नविरुद्ध आणि सेंट किल्डाच्या निक रिवोल्टने 2004 मध्ये सिडनीविरुद्ध असे जे मार्क घेतले, ते अजून दाखवले जातात. त्यांत एकही ठोसा नाही, कुणाला इजा करण्याचा हेतू नाही. आहे ती फक्त नजर न हटवण्याची तयारी. खेळाडूंची संघटना दरवर्षी आपल्यातल्या सर्वांत धाडसी खेळाडूला रॉबर्ट रोझ पुरस्कार देते. नॉर्थ मेलबर्नच्या ग्लेन आर्चरला तो अनेकदा मिळाला, तो अशाच जागी पुन्हा पुन्हा शरीर झोकून दिल्यामुळे.

सवंगड्याची पाठराखण तर या खेळाच्या नियमांतच लिहिलेली आहे, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. चेंडू पाच मीटरच्या आत असेल तर चेंडूवाल्या सवंगड्यावर धावून येणाऱ्याला तुम्ही अंग आडवं घालून अडवू शकता. पकडायचं नाही, मारायचं नाही, फक्त मध्ये उभं राहायचं आणि धक्का सोसायचा. याला 'शेफर्ड' म्हणतात. प्रतिस्पर्ध्याच्या बुटातून सुटणाऱ्या चेंडूवर हात-छाती झोकून तो तिथल्या तिथे दाबणं म्हणजे 'स्मदर'. झेल घेऊ पाहणाऱ्याच्या हातातून चेंडू मुठीने उडवून लावणं म्हणजे 'स्पॉइल'. धावफलकावर यांचं नाव येत नाही, पण क्लबांमध्ये या सगळ्यांची नोंद 'वन परसेंटर' या सदरात होते आणि प्रशिक्षक सामन्यानंतरच्या बैठकीत हीच दृश्यं दाखवून खेळाडूंची पारख करतात. पाठीशी उभं राहण्याची खरी फूटी-परंपरा ही आहे: सवंगड्याला बसणारा धक्का स्वतःच्या अंगावर घेणं. तिच्या शेजारी दुसरी एक परंपरा वाढली, सवंगड्याला मारलं म्हणून मारणाऱ्याचं उट्टं काढण्याची. तिथे याला 'झेंडा फडकवणं' म्हणतात. दोन्ही एकाच गुणाची रूपं आहेत असं मानलं जातं. मला ती एकमेकींच्या विरोधात जाणारी वाटतात.

उट्टं काढण्याच्या परंपरेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1989 च्या अंतिम सामन्यातलं, हॉथॉर्न विरुद्ध जिलाँग. हॉथॉर्नचा डरमट ब्रेरटन दांडगाईसाठी प्रसिद्ध होता आणि त्याच मोसमात त्याने जिलाँगच्या पॉल काउचला जोरदार दणका दिला होता. अंतिम सामन्यात पंचांनी चेंडू उसळवून खेळ सुरू करताच जिलाँगचा मार्क येट्स चेंडूकडे न जाता थेट ब्रेरटनवर धावला आणि त्याला आडवं केलं. बरगड्या मोडल्या, मूत्रपिंडाला मार बसला. ब्रेरटन वाकून उलट्या करत होता, मदतनीस त्याला बाहेर न्यायला आले होते, पण तो हटला नाही. काही मिनिटांतच त्याने मार्क घेऊन गोल केला. त्याच दिवशी त्याचा सवंगडी रॉबर्ट डिपियरडोमेनिको फुप्फुसाला छिद्र पडलेलं असताना खेळला आणि नंतर कित्येक दिवस रुग्णालयात राहिला. जॉन प्लॅटनला डोक्याला मार बसून मैदान सोडावं लागलं. जिलाँगच्या गॅरी अॅब्लेटने नऊ गोल केले, तरी हॉथॉर्न सहा गुणांनी जिंकलं. ऑस्ट्रेलियात ही कहाणी शौर्याची म्हणून सांगतात आणि ती शौर्याची आहेही. पण धावफलकाकडे पाहिलं तर आणखी काही दिसतं. पहिला टप्पा संपला तेव्हा हॉथॉर्न 40 गुणांनी पुढे होतं. ज्या वीस-पंचवीस मिनिटांत जिलाँगचं लक्ष माणसांवर होतं, त्याच मिनिटांत त्यांनी सामना गमावला. पुढे चेंडूकडे वळल्यावर त्यांनी जवळजवळ सगळी तूट भरून काढली. सहा गुण म्हणजे एक गोल. काउचसाठी काढलेलं उट्टं काउचच्याच विजेतेपदाच्या आड आलं, असं म्हणायला इथे पुरेसा आधार आहे.

पुढच्याच वर्षी, 1990 च्या अंतिम सामन्यात, कॉलिंगवूड आणि एसेंडन यांच्यात पहिल्या टप्प्याअखेर खेळाडूच नव्हे तर क्लबचे कर्मचारीही हातघाईवर आले. कॉलिंगवूडचा गेव्हिन ब्राउन बेशुद्ध पडला. कॉलिंगवूडने 48 गुणांनी सामना जिंकला आणि 1958 नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. युद्ध संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत, 1945 च्या सप्टेंबरमध्ये, कार्लटन आणि साउथ मेलबर्न यांच्यात झालेला अंतिम सामना तर आजही 'ब्लडबाथ' याच नावाने ओळखला जातो. या सामन्यांतली मारामारी सगळ्यांच्या लक्षात आहे, मात्र तिने कोणत्या सवंगड्याचं संरक्षण झालं, ते कुणाला सांगता येत नाही.

यावर जुन्या खेळाडूंचं उत्तर असं की, संरक्षण वचकाने होतं. आमच्या गड्याला हात लावलास तर तुझी गाठ आमच्याशी आहे, हे समोरच्याला ठाऊक असलं की तो हात आखडता घेतो. या म्हणण्यात एका काळापुरतं तथ्य होतं. 1976 पर्यंत एवढ्या अफाट मैदानावर खेळावर लक्ष ठेवायला एकच मुख्य पंच असे. चेंडू जिथे, नजर तिथे. बाकी मैदानात कोण कुणाला काय करतं हे पाहायला कुणी नव्हतं, आणि जिथे न्याय पोहोचत नाही तिथे माणसं तो आपल्या हातात घेतात. पण तेव्हाही वचक किती चालत होता? वचक म्हणजे काय याचं जिवंत उदाहरण ठरावेत असे खेळाडू दोन्ही बाजूंना होते, तरीही जबडे मोडतच होते. 1985 मध्ये हॉथॉर्नचा ली मॅथ्यूज, अनेकांच्या मते या खेळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू, याने चेंडूपासून दूर असताना जिलाँगच्या नेव्हिल ब्रन्सचा जबडा मोडला. त्यावर स्पर्धा चालवणाऱ्या लीगने त्याची नोंदणी चार आठवड्यांसाठी रद्द केली आणि पोलिसांनी त्याच्यावर मारहाणीचा खटला भरला. मैदानात घडलेली गोष्ट मैदानातच मिटवायची, हा समज तेव्हाच संपायला हवा होता. आज चार मैदानी पंच असतात, प्रत्येक कोपऱ्यावर कॅमेरा असतो आणि लवाद आठवड्याभरात शिक्षा सुनावतो. 2018 मध्ये वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफने फ्रीमँटलच्या 18 वर्षांच्या अँड्र्यू ब्रेशॉच्या तोंडावर ठोसा मारून जबडा मोडला आणि दात हलवले. त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली आणि त्या वर्षी वेस्ट कोस्टने विजेतेपद जिंकलं तेव्हा तो संघात नव्हता. खेळाडूच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस हिरावून घेणारी ही शिक्षा कोणत्याही उलट ठोशापेक्षा जास्त जरब बसवते. ब्रेशॉचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. 2022 मध्ये लीगभरच्या खेळाडूंनी मत देऊन त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्या सन्मानाचं नाव ली मॅथ्यूज करंडक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला सहज बाजूला सारता येत नाही. तो असा की, सवंगडी मार खाऊन पडला असताना बाकीचे हात बांधून उभे राहिले तर त्या पडलेल्याला काय वाटेल? संघ हिशेबावर चालत नाही, भावनेवर चालतो. हे खरं आहे. म्हणूनच धावत जाणं, पडलेल्याभोवती कडं करणं, मारणाऱ्याला जाब विचारणं, हे चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. धक्काबुक्कीला दंड होतो आणि खेळाडू तो आनंदाने भरतात. प्रश्न त्यापुढच्या ठोशाचा आहे. तो मारणारा खेळाडू पुढचे काही आठवडे बाहेर बसतो, म्हणजे ज्याच्यासाठी मारला त्यालाच तो एकटं पाडतो.

शिवाय काही वार असे असतात की त्यांना ठोशाने उत्तरच देता येत नाही. सिडनीचा आदिवासी खेळाडू अॅडम गुड्स याने वर्णद्वेषी शेरेबाजीविरुद्ध आवाज उठवला आणि त्यानंतर, विशेषतः 2015 मध्ये, मैदानामागून मैदानावर हजारो प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. हुर्यो करणाऱ्या गर्दीचं उट्टं कसं काढणार? त्याचा सवंगडी लुईस जेटा याने पर्थमध्ये गोल केल्यावर प्रेक्षकांसमोर आदिवासी युद्धनृत्य केलं. ती हुर्यो माझ्याही वाट्याला येऊ द्या, असंच तो सांगत होता. मानसिक थकव्याने गुड्स पुढच्या सामन्यात उतरला नाही, तेव्हा इतर संघांचे खेळाडूही त्याच्या बाजूने बोलू लागले. पण उशीर झाला होता. त्या मोसमाअखेर तो निवृत्त झाला. लीग आणि तिचे 18 क्लब यांनी त्याची बिनशर्त माफी मागितली ती 2019 मध्ये. कणखरपणाचा अभिमान बाळगणाऱ्या एका अख्ख्या खेळाला आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायला चार वर्षं लागली, ही गोष्ट मला कोणत्याही मोडलेल्या जबड्यापेक्षा जास्त बोचते.

आता सर्वांत अवघड भाग. अँड्र्यू ब्रेशॉचा थोरला भाऊ अँगस मेलबर्नकडून खेळायचा, 2021 च्या विजेत्या संघात होता. सप्टेंबर 2023 मधल्या बाद फेरीच्या सामन्यात कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड त्याची लाथ दाबायला हवेत उडाला, चेंडू सुटून गेला आणि मेनार्डचा खांदा अँगसच्या डोक्यावर आदळला. अँगस बेशुद्ध पडला. आधीही त्याला डोक्याचे मार बसलेले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, मेंदूच्या तपासण्यांनंतर तो निवृत्त झाला. मेनार्ड करत होता तो स्मदर, म्हणजे ज्याला मी वर खरं धाडस म्हटलं तेच. लवादाने त्याला निर्दोष ठरवलं. मग लीगने पुढच्या मोसमासाठी नियमावली बदलली: स्मदरसाठी जमीन सोडून उडालात आणि समोरच्यावर आदळलात, तर जबाबदारी तुमची. अनेकांना वाटलं की, आता धाडसालाच शिक्षा होणार. मला हा बदल योग्य वाटतो, कारण अंग झोकून देण्यात जोखीम स्वतःच्या अंगाची असते. दुसऱ्याच्या मेंदूची जोखीम घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. हादरे साचत गेले की काय होतं, हे आता शवविच्छेदनांतून दिसलं आहे. पॉली फार्मर या जुन्या महान खेळाडूच्या मेंदूत वारंवारच्या मारांशी जोडला जाणारा सीटीई हा आजार आढळला, आणि महिला लीगमध्ये अॅडलेडकडून खेळलेल्या हेदर अँडरसनच्याही. ती गेली तेव्हा 28 वर्षांची होती.

आज मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूला किमान 12 दिवस सामना खेळता येत नाही. पण हा नियम लागू व्हायला आधी हादरा बसल्याचं कळावं लागतं, आणि खेळाडू ते लपवतात. जागा जाईल, अंतिम सामना हुकेल, सवंगड्यांना तोंडघशी पाडल्यासारखं होईल, अशी त्यांची भीती असते. ब्रेरटन आणि डिपियरडोमेनिको यांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मुलाला मैदान सोडणं हाच पळपुटेपणा वाटतो. डॉक्टर सीमेबाहेर असतात. पडून उठलेल्याची नजर स्थिर नाही, तो चुकीच्या दिशेला धावतो आहे, हे सर्वांत आधी दोन पावलांवर उभ्या असलेल्या सवंगड्याला दिसतं. त्याने हात वर करून डॉक्टरांना बोलावलं, पडलेल्याचा राग ओढवून घेतला, संघाचा एक चांगला गडी सामन्यातून जातो आहे हे माहीत असूनही ते केलं, तर क्लबांनी त्याची नोंद शेफर्ड आणि स्मदरच्या त्याच सदरात करायला हवी.