लेक इंजिनिअर झाली, पुढे काय?

हुतात्मा बाबू गेनूंचे गाव म्हणून महाळुंगे पडवळ सर्वांना ठाऊक आहे. या गावात काय किंवा आंबेगाव-जुन्नरच्या कोणत्याही गावात काय, लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की पेढे वाटतात. पण भगिनींनो, पेढे वाटून झाल्यावर तिच्या पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा विचार कितीजणी करतात? वर्षाचे धान्य भरताना आपण पावसाळ्यापर्यंतचा हिशेब मांडतो. मग लेकीच्या नोकरीचा हिशेब लग्नाशीच का थांबावा?

दहावी-बारावीत

इंजिनिअर होण्याच्या वाटा दोन आहेत. बारावीनंतर सीईटी देऊन थेट पदवीला जाता येते. नाहीतर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. घरची ओढाताण असेल तर दुसरी वाट बरी, कारण मध्येच नोकरी धरावी लागली तरी हातात डिप्लोमा असतो. आपल्याच तालुक्यात अवसरी खुर्दला सरकारी तंत्रनिकेतनही आहे आणि इंजिनिअरिंग कॉलेजही.

आणि फी? जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र दाखले हवेत! निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते उन्हाळ्यातच काढून ठेवा.

पहिली नोकरी

चाकण, रांजणगाव आपल्याला जवळ. पहिली चार-पाच वर्षे पगारापेक्षा शिकायला काय मिळते ते पाहावे. कारखान्यात थेट यंत्रावरचे काम मिळत असेल तर ‘मुलीच्या जातीला कसं झेपायचं?’ असे म्हणून मागे ओढू नका. पगार तिच्याच खात्यात जमा होऊ द्या.

लग्न ठरवताना

सोने-नाणे, मानपान सगळे बोलून होते. नोकरीचे मात्र ‘नंतर बघू’. सुपारी फुटण्याआधीच विचारा: राहणार कुठल्या गावी? बदली झाली तर? घरकामात कोण हात लावणार? यावर ज्या घरात कपाळाला आठ्या पडतात, तिथे पुढे काय होणार हे तेव्हाच कळते, बरं का!

बाळ झाल्यावर

बहुतेक जणींची नोकरी सुटते ती इथेच. घाईने राजीनामा देऊ नये. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे. ती मागायला संकोच कसला? तरीही नोकरी सोडावीच लागली, तर वर्षाला एखादा नवा अभ्यासक्रम करावा आणि जुन्या सहकाऱ्यांशी बोलणे चालू ठेवावे. गेट परीक्षेला वयाची अट नाही. पीएफचे पैसे मोडू नयेत. नवी नोकरी लागली की तिकडे वळवावेत.

चाळिशीनंतर

शकुंतला भगत यांचे नाव ऐकले आहे? १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्या सिव्हिल इंजिनिअर झाल्या. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतले, मुंबईच्या आयआयटीत शिकवले. मग १९७० मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली आणि तयार भाग जोडून पूल उभारण्याची पद्धत आणली. तेव्हा त्यांचे वय होते सदतीस! पदवी, अध्यापन, उद्योग, दर टप्प्यावर काम बदलले, पण इंजिनिअरिंग सुटले नाही.

तुम्ही म्हणाल, ‘त्यांचे वडीलच पूल बांधणारे नामवंत इंजिनिअर, आमच्या मुलीला कोण?’ खरे आहे. म्हणूनच आपल्या मुलीला घराचा आधार दुपटीने लागतो. चाळिशीत तिला शिकवता येईल, सल्ला देता येईल. आपल्या शिवारातल्या ठिबक सिंचनाचे, कांदा साठवणुकीचे, शीतगृहाचे काम तिच्यासाठी आहेच की.

आज संध्याकाळी लेकीला, जमले तर सुनेलाही, वही घेऊन शेजारी बसवा. पुढच्या पाच वर्षांत तिला काय करायचे आहे ते तिलाच लिहू द्या. आपण फक्त विचारायचे, ‘यात आमची मदत कुठे लागेल?’