पहिल्या पिढीचा विद्यार्थी आणि मोठ्या शिक्षणसंस्थेचे दार



या व्याख्यानमालेत आजवर विद्वान मंडळी बोलून गेली. आम्ही पडलो कामगार संघटनेचे कार्यकर्ते. शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. तेव्हा शिक्षणावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील तर उत्तर एकच : या विषयात आमच्या हातून एक मोठी चूक झाली आहे, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये.

मुंबईतले घाऊक बाजार तुर्भे-वाशीला आले, त्यांच्यामागून माथाडी कामगार आला आणि कोपरखैरण्यात वसला. 1969 च्या माथाडी कायद्याने त्याला मजुरीची हमी दिली. त्याने मुलांना शाळेत घातले. आता ती मुले बारावी होऊ लागली आहेत आणि खाडीपलीकडच्या पवईला 1958 साली निघालेल्या आय. आय. टी.चे नाव घेऊ लागली आहेत. घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. मग बाप आमच्याकडे येतो आणि विचारतो, "दादा, मिळेल का हो पोराला?"

2024 च्या उन्हाळ्यात असाच एक बाप आला. मुलगा अनुसूचित जातीचा. जे. ई. ई. मेन या पहिल्या परीक्षेचा निकाल हाती होता. त्यावर आकडा सत्तरच्या आसपास. आम्ही तो कागद पाहिला आणि म्हणालो, "तिथे नव्वदवाल्यांचे काम. हे आपल्यासाठी नव्हे." बापाने मान डोलावली. मुलाने पुढच्या परीक्षेचा अर्जच भरला नाही.

पुढे आम्हांस कळले की आम्ही तो आकडा वाचलाच नव्हता. तो शेकडा गुणांचा आकडा नसून पर्सेंटाइलचा होता. पर्सेंटाइल सत्तर म्हणजे परीक्षेस बसलेल्या शंभरांतले सत्तर जण आपल्या बरोबरीचे किंवा मागे, आणि तीस पुढे. त्या साली सुमारे चौदा लाख मुले बसली होती. पुढच्या, म्हणजे ॲडव्हान्स्ड परीक्षेस बसण्याची सीमा सर्वसाधारण यादीसाठी 93.23 होती खरी. परंतु इतर मागास वर्गासाठी ती 79.67, आर्थिक दुर्बल घटकासाठी 81.32, अनुसूचित जातीसाठी 60.09 आणि जमातीसाठी 46.69 होती. म्हणजे त्या मुलाला दार उघडे होते. जागा मिळालीच असती असे आम्ही म्हणत नाही; पण काट्यावर चढण्याचा त्याचा हक्क आम्ही नजरेच्या अंदाजाने काढून घेतला. ॲडव्हान्स्डला लागोपाठ दोनच वर्षे बसता येते. 2025 ही गेले. बाजारात गोणी काट्यावर घातल्यावाचून आमचा तोलणार वजन बोलत नाही. आम्ही मात्र माणसाच्या पोराचे वजन तसेच बोलून मोकळे झालो.

तेव्हा संधी मोजावी कशी, ते पाहू.

वर्तमानपत्रे सांगतात की चौदा लाख मुले आणि जागा सतरा-अठरा हजार. म्हणजे ऐंशीत एकाला संधी. हा हिशेब कोणाच्याच मुलाला लागू पडत नाही, कारण प्रवेश सोडतीने होत नाही. मोजायचे ते असे : सर्व आय. आय. टीं.ची प्रवेशप्रक्रिया एकत्र होते आणि दरवर्षी कोणत्या शाखेत शेवटचा कोणता क्रमांक आत गेला, त्याची यादी जाहीर होते. मागील दोन-तीन वर्षांच्या याद्या घ्याव्यात. शेवटच्या फेरीचा आकडा पाहावा. आणि तो आपल्याच प्रवर्गाचा पाहावा. राखीव प्रवर्गाचा क्रमांक हा त्या प्रवर्गातला क्रमांक असतो. त्याची तुलना सर्वसाधारण क्रमांकाशी करू नये. मुलींसाठी 2018 पासून वाढीव जागा आहेत आणि त्यांचा शेवटचा क्रमांक निराळा छापतात. पुष्कळ बाप हा रकाना पाहतच नाहीत. शिवाय पवईचा आणि संगणक शाखेचा आकडा पाहून निराश होऊ नये. देशात अशा 23 संस्था आहेत आणि शाखा अनेक.

दुसरे वजन कागदांचे. येथे पहिल्या पिढीचे मूल बुद्धीने नव्हे, तारखेने हरते. इतर मागास वर्गाचा आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तो त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचा लागतो. मुळात जातीचा दाखला काढायचा तर इतर मागास वर्गास 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तो कोपरखैरण्यात नसतो, गावच्या शाळेतल्या आजोबांच्या नोंदीत असतो. राज्याचा प्रवर्ग आणि केंद्राचा प्रवर्ग एकच असतो असेही नाही. मराठा समाजास 2024 च्या राज्य कायद्याने दिलेले आरक्षण केंद्रीय संस्थांत चालत नाही. तेथे उत्पन्नाच्या व जमिनीच्या अटींत बसणाऱ्याने आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करावयाचा असतो. मूळ जातीच्या दाखल्याची ही धावपळ अकरावीतच उरकावी. बारावीचे गुणही विसरू नयेत : 75 टक्के, अनुसूचित जाती-जमातींस 65, अथवा आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत स्थान.

तिसरे वजन पसंतीक्रमाचे. आमची माणसे भिडस्त; वरची जागा मागितली तर हातची जाईल, असे त्यांना वाटते. या केंद्रीय प्रक्रियेत तसे होत नाही. वरची पसंती मिळाली नाही तर यंत्रणा खालच्या पसंतीकडे जाते. मोठे मागितल्याचा दंड नाही. म्हणून यादी मनातल्या क्रमानेच भरावी आणि लांब भरावी. मागणीपत्रात कामगाराने निम्मीच मागणी लिहावी, असे आम्ही कधी म्हटले आहे काय? राज्याच्या फेऱ्यांत मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती बंधनकारक होते. तेथे विचार करून लिहावे. मुंबईची व्ही. जे. टी. आय., पुण्याचे जुने इंजिनिअरिंग कॉलेज, ही दारेही लहान नाहीत.

राहिला पैसा. आय. आय. टी.ची शिकवणीची फी वर्षाला दोन लाख, हे ऐकून पुष्कळ बाप तेथूनच परततात. परंतु अनुसूचित जाती-जमातींस ती पूर्ण माफ आहे. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, त्यालाही पूर्ण माफ. एक ते पाच लाख असेल तर दोनतृतीयांश माफ. याउलट जो क्लासवाला पतपेढीचे कर्ज काढावयास लावून "शंभर टक्के मिळेल" असे सांगतो, तो आमच्यासारखाच न मोजता बोलतो. फरक इतकाच की त्याचे तो पैसे घेतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरात पहिलेच शिकणारे मूल म्हणून या परीक्षेत एकही गुण जादा मिळत नाही. शिकलेल्या घरातले मूल ही सारी माहिती जेवताना ऐकते. आमच्या मुलाला ती कोणी सांगत नाही. हे अंतर मुलाने एकट्याने तोडावयाचे नाही. भाऊराव पाटलांनी 1919 साली सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्था काढली ती याच जाणिवेने, की गरिबाच्या मुलाला बुद्धी आहे, सोबत नाही. ती सोबत आज वस्तीने, संघटनेने, तुम्ही-आम्ही द्यावयाची आहे.

त्या मुलाची धाकटी बहीण आता अकरावीत आहे. परवा तोच बाप पुन्हा आला आणि तोच प्रश्न त्याने विचारला. या खेपेस आम्ही "होय" म्हटले नाही आणि "नाही"ही म्हटले नाही. "दाखले घेऊन बस," म्हणालो, "आधी मोजू."